आधुनिकतेचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो?

मराठी कवितेत आधुनिकता कुठून सुरू झाली हा आता प्रश्नच राहिलेला नाही. त्याची गाईडं निघालीत. दहा मार्कांचं उत्तर ठरलेलं आहे. केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक, मर्ढेकर हे नवकवितेचे प्रवर्तक, आणि मधल्या काळात रविकिरण मंडळाचं चहापान. पोरं पाठ करतात, पेपरात ओकतात, पास होतात. आपलीही पोरं करतात. करावंच लागतं, स्कॉलरशिप अडकलेली असते.

ह्या उत्तराला आता एक नवं शेपूट फुटलंय. म्हणे आरंभीच्या आधुनिक कवितेतच पुढच्या आधुनिकतावादाची बीजं शोधा. म्हणजे मर्ढेकरांनी १९४७ साली 'काही कविता' काढून जे केलं, त्याच्या खुणा आधीच्या पन्नास-साठ वर्षांत हुडका. ह्या हुडकण्यासाठी एक यादी असते. कुठलाही विद्यापीठीय लेख उघडा, थोड्याफार फरकानं तीच सापडेल. एक, कवीचा स्वतंत्र 'मी'. दोन, एकटेपण, तुटलेपण. तीन, शहर आणि यंत्र. चार, देवाधर्माविषयी शंका. पाच, जुन्या घाटाची मोडतोड.

दोस्तांनो, माझं ह्या यादीशी भांडण नाही. यादी बरी आहे. माझं भांडण यादी घेऊन कुणाच्या दारात जातात ह्याच्याशी आहे. समीक्षक यादी खिशात घालून निघतो तो थेट रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला जातो, केशवसुतांच्या घरी. तिथं पाटावर बसतो, पाचही गोष्टी मिळाल्या म्हणून सही करतो आणि परत येतो. पुण्यातली गंज पेठ त्याच्या वाटेवर आहे. तिथं मात्र तो थांबत नाही.

का थांबत नाही? तारखा बघू. तारखांना जात नसते.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली छापून आला. मराठी कवितेचे जनक जन्माला यायला तेव्हा बारा वर्षं अवकाश होता. सावित्रीबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. पॅरिसात बोदलेअरचा जो कवितासंग्रह १८५७ साली आला आणि ज्याला सगळं जग आधुनिक कवितेचा उंबरठा मानतं, तोही 'काव्यफुले'नंतर तीन वर्षांनी आलेला. सावित्रीबाई बोदलेअर होत्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याची गरजही नाही. मी एवढंच म्हणतो की काळाच्या हिशोबात बाई रांगेत पहिल्या उभ्या होत्या, आणि खिडकीवरच्या कारकुनानं त्यांच्या डोक्यावरून हात घालून मागच्याचा अर्ज घेतला.

एम.ए.च्या वर्गात मी हे विचारलं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. सर हसले. म्हणाले, 'अरे, ते समाजकार्य झालं. आपण इथं काव्य शिकतोय.' वर्गही हसला. ह्या एका वाक्यात मराठी समीक्षेचं अख्खं राजकारण आहे. आमच्या माणसानं कविता लिहिली तर ते कार्य. त्यांच्या माणसानं कार्यावर कविता लिहिली तर ते काव्य.

आता त्यांचीच यादी घेऊ आणि कलमवार बघू. उगाच आरडाओरड केली असं कुणी म्हणायला नको.

पहिलं कलम, कवीचा 'मी'. केशवसुतांचा 'नवा शिपाई' १८९८ सालचा. तो सांगतो की मी ब्राह्मण नाही, हिंदू नाही, कुठल्याच एका पंथाचा नाही. त्या काळात एका ब्राह्मण शाळामास्तरानं हे लिहायला छाती लागते. ती छाती मी नाकारत नाही. पण नीट बघा. हा 'मी' जात अंगरख्यासारखी काढून खुंटीला लावतो. त्याला ती काढता येते. त्यानं काढली तरी गाव त्याला पाण्यावर अडवत नाही. ज्याच्या अंगावरची जात गावानं डागून ठेवलीय, त्याला 'मी अमुक नाही' असं म्हणून सुटताच येत नाही. त्याला आधी 'मी आहे' हे म्हणावं लागतं. माणूस आहे, मोजा मला.

हा दुसरा 'मी' कुठं सापडतो? जोतीरावांच्या अखंडांत सापडतो. जोतीरावांनी वारकऱ्यांच्या अभंगाचा साचा घेतला, त्याचं नाव बदलून 'अखंड' ठेवलं आणि शेवटी स्वतःची मुद्रा ठोकली. संतांच्या नाममुद्रेला विठोबाचा टेकू असायचा. जोतीरावांची मुद्रा टेकूशिवाय उभी आहे. ती पंढरीच्या देवाकडे बघत नाही, समोरच्या माणसाकडे बघते. ह्याला कवीचा स्वतंत्र 'मी' म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं?

इथंच पाचवं कलमही निकालात निघतं. मर्ढेकरांनी ओवी-अभंगाचा जुना साचा घेऊन त्यात विसाव्या शतकाची जळजळ भरली, ही त्यांची मोठी करामत म्हणून शिकवतात. करामत आहेच. पण अभंगाचं पोट फाडून त्यातून देवळातला देव बाहेर काढायचा आणि तिथं 'निर्मिक' बसवायचा, शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशोब बसवायचा, हे मर्ढेकरांच्या साठ वर्षं आधी होऊन गेलेलं आहे. जोतीराव १८९० साली गेले. मर्ढेकर जन्मले १९०९ साली. आणि १८६९ चा शिवाजीमहाराजांचा पवाडा? त्याच्या प्रस्तावनेत जोतीराव स्वच्छ सांगतात की हे कुणबी, माळी, महार, मांग ह्यांच्या उपयोगाला पडावं म्हणून लिहिलं, आणि जड संस्कृत शब्द टाळले. कवितेची भाषा कोणासाठी हा प्रश्न त्यांनी तेव्हा टाकला. त्याला उत्तर म्हणून 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांची भाषा, व्याकरण, सगळं सोलून काढलं. आज भाषेची मोडतोड हे आधुनिकतेचं लक्षण आहे. तेव्हा तेच अडाणीपणाचं लक्षण होतं. लक्षण तेच, बदलला तो मोडणारा हात.

दुसरं कलम, तुटलेपण. हे आमच्या प्राध्यापकांचं सगळ्यात लाडकं. आधुनिक माणूस गर्दीत एकटा आहे, समूहापासून तुटला आहे, वगैरे. मला सांगा, जो समूहात होता तोच तुटणार ना? ज्याचं घर पांढरीच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ज्याची विहीर वेगळी, मसणवट वेगळी, त्याला तुटायला कोणी घेतलं होतं आत? पश्चिमेतल्या कवीचं तुटलेपण कारखान्यातून आलं, महायुद्धातून आलं. एलियटची 'वेस्ट लँड' १९२२ ची, पहिल्या महायुद्धाच्या राखेवरची. त्याच्या दुःखाला त्याच्या जागी कारण आहे. पण तेच दुःख इंग्रजी पुस्तकातून उचलून सदाशिव पेठेत लावायचं आणि शेजारच्या वस्तीत दोन हजार वर्षांचं तुटलेपण उघड्यावर पडलंय तिकडे पाठ फिरवायची, ह्याला काय म्हणायचं? मी ह्याला नकला म्हणतो.

केशवसुतांनी १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. मराठी पुस्तकी कवितेत अस्पृश्याचं पोर बोलतं झालं ते बहुधा असंच, दुसऱ्याच्या तोंडून. हटकलेलं पोर आईला विचारतं, असं का? कविता प्रामाणिक आहे. मी तिची टिंगल करणार नाही. पण तिच्या घडणीकडे बघा. पोर प्रश्न विचारतं ते आईला. म्हणजे वस्तीतला प्रश्न वस्तीतच फिरतो. ज्यानं हटकलं त्याला कोणी विचारत नाही. वाचकाचे डोळे ओले होतात आणि तो पान उलटतो.

आता त्याच सुमाराला कवितेच्या बाहेर काय चाललं होतं? महाडजवळच्या रावढूळ गावचे, पलटणीतून पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत बसून 'विटाळ विध्वंसन' लिहीत होते. त्यात सव्वीस प्रश्न आहेत. ते आईला विचारलेले नाहीत. ते सवर्णांना, शास्त्राच्या मालकांना विचारलेले आहेत. विटाळ आला कुठून, आधार काय, दाखवा. केशवसुतांचं पोर पहिल्या प्रश्नावर थांबलं होतं. खरं पोर तोवर मोठं होऊन, पलटणीत नोकरी करून, सव्वीसाव्या प्रश्नापर्यंत पोचलं होतं. अभ्यासक्रमात आहे ते पहिला प्रश्न विचारणारं पोर. सव्वीस प्रश्न विचारणारा म्हातारा अभ्यासक्रमाला परवडत नाही.

चौथं कलम, देव. आधुनिक कवीचा देव हरवतो. मर्ढेकरांच्या कवितेत देव हरवल्याचा आकांत आहे आणि त्याच देवाला पुन्हा मारलेली हाकही आहे. समीक्षक त्याला आध्यात्मिक पेच म्हणतात. असेल. पण देव हरवणं आणि देव सोडणं ह्यांत फरक आहे. हरवतो त्याची वस्तू होती. आमचा देव कधी आमच्या हाती लागलाच नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० पासून पाच वर्षं सत्याग्रह चालला आणि दार उघडलं नाही. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी तो सोडला, शुद्धीवर राहून, मोजून, बावीस प्रतिज्ञा घेऊन. शंकेच्या कवितेवर हजार पानं लिहिणाऱ्यांनी ह्या नकारावर किती लिहिलं? गावोगावच्या आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांनी, पुढं वामनदादांनी हा नकार गाण्यात बांधला. ते लोकगीत झालं, प्रचार झाला, जयंतीचं भोंग्यावरचं गाणं झालं. कविता मात्र झालं नाही.

तिसरं कलम मुद्दाम शेवटी ठेवलं. शहर आणि यंत्र.

मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांवरची कविता सगळ्यांना माहीत आहे. आधुनिक माणसाची असहायता, यंत्रयुगातलं लाचार मरण, असे तिचे अर्थ शिकवतात. शिकवा. पण मुंबईचा आणि उंदराचा इतिहास त्याहून जुना आहे, तोही शिकवा. १८९६ साली मांडवी बंदराच्या भागात प्लेग उगवला. बोटीतून, धान्याच्या वखारींतून, रेल्वेतून तो पसरला. व्यापाराच्या, बंदराच्या, आगगाडीच्या नव्या जगानं आणलेलं हे मरण. पुण्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. बाईंना लागण झाली, १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आणि केशवसुत? तेही १९०५ साली हुबळीत प्लेगनंच गेले, चाळिशी गाठायच्या आत.

दोन कवी, एकच रोग. दोघांचाही मृत्यू नव्या शहरी जगानं आणलेला. पण एकीच्या मरणात त्या जगाला दिलेलं उत्तर आहे. नवीन जगात माणसानं माणसाला कसं उचलायचं, कोणाला शिवायचं, हे तिनं करून दाखवलं. तिच्या कवितेत आणि तिच्या पाठीवरच्या त्या पोरात मला अंतर दिसत नाही. सरांना समाजकार्य आणि काव्य वेगळं दिसतं, कारण सरांना दोन्ही पुस्तकात भेटलेलं असतं.

आणि यंत्र. यंत्र सगळ्यांना सारखं चिरडतं, असं आधुनिक कविता सांगते. गिरणगावात येऊन बघायला हवं होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. का? धोट्यात दोरा भरताना तो तोंडानं ओढावा लागे. महाराची थुंकी धोट्याला लागली तर सवर्ण विणकऱ्याला विटाळ. म्हणून जास्त पगाराचं विणकाम बंद, कमी पगाराचं सूतखातं उघडं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात युनियनच्या पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न ठेवला. लाल बावटेवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. म्हणजे वाफेवर चालणाऱ्या, मँचेस्टरहून आलेल्या यंत्रालाही आमच्याकडे जात लागली. हा मराठी आधुनिकतेतला सगळ्यात भेदक विषय आहे, आणि आमच्या यंत्रयुगाच्या कवींना तो दिसला नाही. धोट्याला तोंड लावायची बंदी ज्याला होती, त्यालाच तो दिसणार.

आणि दिसलाही. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे कविता लिहीत होते, छापखाना चालवत होते, 'मजूर पत्रिका' काढत होते. केशवसुतांपेक्षा तेरा वर्षांनी लहान, म्हणजे त्यांच्या लगेच मागचीच पिढी. मुंबईत अण्णाभाऊ साठे 'मुंबईची लावणी' गात होते. मलबार हिल आणि परळ एका दमात गाणारी ती लावणी शहराची कविता नव्हे, तर काय आहे? लावणी म्हटलं की ह्यांना पायातला चाळ ऐकू येतो. शहराची कविता म्हटलं की लंडनचं धुकं आठवतं. तमाशाच्या बोर्डावर उभं राहून कोणी शहराची चिरफाड करतोय, हे त्यांच्या यादीत बसत नाही.

आता दोन आक्षेप. ते येणारच, म्हणून मीच आणतो.

एक, 'सावित्रीबाईंचे छंद जुने, घाट जुना, मग त्या आधुनिकतावादी कशा?' बरोबर, छंद जुनेच आहेत. पिवळ्या चाफ्यावरची कविता आहे, इंग्रजी शिका म्हणणारी आहे, शूद्रांचं दुखणं सांगणारी आहे, सगळी जुन्याच चालीत. पण केशवसुतही बहुतेक अक्षरगणवृत्तांतच लिहीत होते. त्यांनी सुनीत आणलं ते इंग्रजीतून, आणि भरलं ते संस्कृत वृत्तांत. त्यांच्या बाबतीत तुम्ही घाटाकडे डोळेझाक करून आशयातली बीजं वेचता. तीच सवलत बाईंना द्या. देणार नसाल तर केशवसुतांचीही काढून घ्या. एका दुकानात दोन वजनं चालणार नाहीत.

दोन, 'मग तुम्हालाही शेवटी तोच शिक्का हवा आहे ना? सावित्रीबाई, जोतीराव आधुनिक होते, असं आमच्याकडूनच म्हणवून घ्यायचंय ना?' हा आक्षेप जास्त लबाड आहे आणि जास्त खराही आहे. आपल्यातले पुष्कळ विद्वान ह्या खड्ड्यात पडतात. आमचाही मर्ढेकर आहे, आमचाही एलियट आहे, असं सिद्ध करत बसतात. अरे, जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातले ते कमी पडले, की आता आधुनिकतेच्या दाखल्यासाठी मराठी विभागाच्या दारात उभं राहायचं? अमेरिकेतल्या काळ्या कवींचं बघा. लँग्स्टन ह्यूजनं १९२६ साली ब्लूजची चाल कवितेत आणली. गोऱ्या आधुनिकतावादाच्या पुस्तकांनी त्याला कित्येक वर्षं परिशिष्टात ठेवलं. तो त्यांच्या दारात उभा राहिला नाही, हार्लेममध्ये आपल्या माणसांत लिहीत राहिला. शेवटी पुस्तकांना बदलावं लागलं.

म्हणून मी यादीतली पाच कलमं आपल्या माणसांना लागू करून दाखवली ती शिक्का मिळावा म्हणून नाही. यादी खोटी नाही, अपुरी आहे, एवढं कळावं म्हणून. तिच्यात सहावं कलम घाला. कवितेनं माणसाला माणसापासून तोडणाऱ्या व्यवस्थेचं नाव घेतलं की नाही? मी तुटलोय, एवढं रडून भागत नाही. कोणी तोडलं ते सांगा. मी एकटा आहे, ठीक. कोणी वाळीत टाकलं? शहर सडलंय, मान्य. गटारात कोण उतरतो? हे कलम घातलं की मराठी आधुनिक कवितेचा वंशवृक्षच बदलतो. मग १८५४ पासून सुरुवात होते. मग वलंगकरांचं गद्यही कवितेच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. मग १९७२ चा 'गोलपिठा' आकाशातून पडलेला धोंडा राहत नाही. नामदेव ढसाळांच्या मागे कोणी नव्हतं, ही पोरं अचानक ओरडायला लागली, असा जो बोभाटा केला जातो तो बंद होतो. ओरड शंभराहून जास्त वर्षं चालली होती, कानात बोळे कोणाच्या होते ते बघा.

आता काम. नुसतं शिव्या देऊन लेख संपवला तर त्यांचं काही बिघडत नाही.

सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ साली काढलं. 'काव्यफुले' छापून झाल्यावर एकशे चौतीस वर्षांनी. निदान आता पुस्तक आहे, मिळत नाही ही सबब उरली नाही. मिळवा. आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात, वाचनालयात, होस्टेलच्या खोलीत दहा-दहा जण बसा आणि मोठ्यानं वाचा. एका बाजूला 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ठेवा, दुसऱ्या बाजूला गोपाळबाबांचे प्रश्न ठेवा, आणि भांडा. केशवसुत जाळू नका, वाचा. मर्ढेकरही वाचा. आपल्याला कोणाची पुस्तकं बाहेर फेकायची नाहीत, ते धंदे त्यांचे. आजीला, मावशीला जलशातलं गाणं येत असेल तर ते लिहून घ्या, तारखेसकट, गावासकट. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यात रील बघता तसं हेही भरा. त्या म्हाताऱ्या गेल्या की ते गाणं गेलं.

आणि परीक्षेत प्रश्न आला, आधुनिक मराठी कवितेचे जनक कोण, तर काय लिहायचं? ज्याला मार्क हवेत त्यानं पाठ केलेलं लिहावं. पोटाचा प्रश्न आहे, मी कोणाला उपदेश करणार नाही. पण त्याच्या खाली, समासाच्या आत, शाईनं एक ओळ वाढवा. 'काव्यफुले, १८५४.' एवढंच. तपासणाऱ्यानं खोडली तर खोडू द्या. पाचशे उत्तरपत्रिकांत तीच ओळ आली की खोडणाऱ्याचा हात दुखेल, आणि हात दुखला की माणूस विचार करायला लागतो.

जय भीम!